आग्नेय मोकळी हवी

भंडारदरा
९ जानेवारी २०२५

प्रिय चांद,

कागद वहीचा आहे, पण डावीकडे समास सोडलाय आणि तारीख जागच्या जागी आहे. सिस्टर बर्नाडेट वरून बघत असतील तर त्यांना समाधान वाटू दे. तुझे कान गेल्यापासून फोनची सोय उरली नाही, आणि मोबाईलवर टाईप करायला बसले की माझी वाक्यं अंग चोरतात. म्हणून ठरल्याप्रमाणे हाताने लिहिते, फोटो काढते आणि शेंडी गावच्या चौकात रेंज आली की पाठवते. तूही तसंच कर. तुझं तिरकं अक्षर दिसलं की मला हॉस्टेलच्या खिडकीबाहेरचा पेरू आठवतो.

तुला वाटत असेल, आम्ही म्हातारा-म्हातारी धरणाच्या काठी खुर्च्या टाकून पाणी बघत बसलोय. बसतो, पण दुपारपर्यंतच. ऊन कललं की यांची घालमेल सुरू होते. घर केलेल्या आमच्या या गाडीच्या पुढून मागे, मागून पुढे. मग गाडी हलवायची. का? तर आग्नेय मोकळी हवी.

हे तुझ्या नूरभाईंनी शिकवलेलं. टपावर डिश बसवून दिली त्या दिवशी ते यांना म्हणाले होते, ‘वैजनाथभाऊ, उगवतीकडे तोंड करा, उजवा हात दक्षिणेला पसरा, दोन्हीच्या बरोबर मधे छत्रीचं तोंड. नगर जिल्ह्यात कुठंही जा, दिशा हीच. फक्त मधे झाड नको, डोंगर नको.’ मला तेव्हा शाळेचं अंगण आठवलं. सिस्टर आपल्याला उन्हात क्रुसासारखे हात पसरून उभं करायच्या आणि तू नेमका चुकीचा हात पसरायचीस.

आता रोज संध्याकाळी हाच तमाशा. आधी चाकांखाली चपटे दगड सरकवून गाडी पाणसळीत आणायची. मग हे टपावर, मी आत टीव्हीसमोर. वरून ओरडतात, ‘किती?’ मी ओरडते, ‘तीस!’ ‘आता?’ ‘शून्य!’ ‘आता?’ ‘थांबा, हलू नका, सत्तर!’ शेजारच्या तंबूतली पुण्याची पोरं काल टाळ्या वाजवत होती. जन्मभर वीज खात्यात खांबाखाली उभं राहून ओरडले, आता टपावर बसून ओरडतात. निवृत्तीनंतर म्हणाले होते, ‘जिल्हा सगळा खांबाखालून पाहिला, आता खिडकीतून बघायचाय.’ बघतात कुठे? डोळा सगळा त्या सिग्नलच्या पट्टीवर.

आता लिहिते ते तुझ्यापाशीच ठेव. साडेसहाच्या बातम्यांत खालच्या कोपऱ्यात जी चौकट असते, ऐकू न येणाऱ्यांसाठी, तिच्यात हातांनी बातम्या सांगणारी आमची धनू असते, हे तुला सांगायला नको. तू आणि तुझी अर्शी रोज बघता. मीही घरी असताना, हे फिरायला गेले की मोबाईलवर बघायचे. यांना त्याचा पत्ता नाही. सहा वर्षं झाली, बापलेकीत एक शब्द नाही. आणि एखाद्या संध्याकाळी ती अशी अचानक समोर आली, हातभर अंतरावर, तर? डॉक्टरांनी यांना रक्तदाब जपायला सांगितलंय.

म्हणून मी मुद्दाम गाडी जांभळाखाली लावायला सांगते. सावली आहे म्हणते. डोंगराच्या पोटाला लावायला सांगते. वारा लागत नाही म्हणते. दोन दिवस जमलं. काल यांनी माझं म्हणणं बाजूला सारून उघड्या माळावर नेली. बातम्या लागल्या तेव्हा मी स्वयंपाकाच्या ओट्याशी पाठ करून उभी होते. मागे वळून बघायची हिंमत झाली नाही.

नूरभाईंना म्हण, यांना फोन करा आणि सांगा की डोंगरात डिश लागत नाही. एवढं कर.

तुझी,
सत्या


केडगाव
१२ जानेवारी

प्रिय सत्या,

तुझं पत्र नूरना वाचून दाखवलं. ते दुकानात एका गिऱ्हाईकाशी बोलत होते, ते सोडून हसत सुटले. म्हणाले, ‘माझं नाव घालवायला सांगते का ही? मी बसवलेली डिश रतनगडाच्या टोकावर लागेल. तिला म्हणावं, जांभळाखालून गाडी काढ.’ म्हणजे ते काम झालं नाही. माझ्याकडे उगाच बघू नकोस, अठ्ठावीस वर्षं त्या माणसाने धंद्यात खोटं बोललेलं मी पाहिलं नाही. घरात बोलतात, ते वेगळं.

आता माझं ऐक. अर्शीचं ठरलंय. मुलगा श्रीरामपूरचा, परवेझ. कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये वेल्डिंग करतो. त्यालाही ऐकू येत नाही. पहिल्या भेटीत दोघं समोरासमोर बसले आणि इतके बोलले, इतके बोलले की घरातली सगळी ऐकणारी माणसं मुकी होऊन बघत राहिली. तासाभराने अर्शी उठून माझ्याकडे आली आणि हाताने एवढंच म्हणाली, ‘फार बडबड्या आहे. चालेल.’

निकाह २ फेब्रुवारीला, रविवारी. आता पंचाईत बघ. आपल्यात पत्रिका दारात जाऊन, हातात द्यायची असते. मोबाईलवर पाठवलेली पत्रिका म्हणजे रस्त्यावर वाटलेला कागद. आणि तुमचं दार आज भंडारदऱ्याला, उद्या कुठे, अल्ला जाणे. तेव्हा तुम्ही कुठे थांबणार ते कळव.

आणखी एक. वैजनाथभाऊ येतील ना? मी कधी विचारलं नाही, पण सहा वर्षांत ते आमचा जिना चढलेले नाहीत. खाली दुकानात येतात, नूरबरोबर चहा घेतात, रस्त्यावरच्या गाड्या बघतात, जातात. पूर्वी अर्शीच्या हातचा शीरखुर्मा खायला ईदच्या दिवशी सगळ्यांच्या आधी हजर असायचे. अर्शीने लहानपणी त्यांना नाव दिलेलं आठवतं? दोन बोटं खिशाला लावायची आणि टेस्टर बाहेर काढल्यासारखं करायचं. ती अजून त्यांना त्याच नावाने बोलावते. खिडकीतून खाली बघते आणि मला खूण करते, ‘टेस्टर आला.’ पण टेस्टर वर येत नाही.

तुझी,
चांद


निघोज
१७ जानेवारी

प्रिय चांद,

मुबारक! अर्शीला माझ्याकडून दोन्ही गालांवर. बातमी वाचून मी कुंडाच्या काठावर उभी राहून मोठ्याने हसले, तर एक आजीबाई म्हणाल्या, ‘बाई, पानी बगून असं हसू ने, चक्कर येती.’ कुकडीने दगडात केवढाले रांजण कोरलेत ग! आपली सहल आली होती तेव्हा सिस्टर म्हणाल्या होत्या, पाणी गप्प बसत नाही म्हणून दगडाला भोकं पडतात. तेव्हा आपण हसलो होतो.

यांना सांगितलं. रात्रीचं नाही, सकाळी चहाबरोबर, मूड बघून. आधी चेहरा एकदम उजळला. ‘अर्शीचं? कोण मुलगा? काय करतो?’ सगळं विचारून घेतलं. मग मी म्हटलं, ‘जायचं ना?’ तर कप खाली ठेवला आणि म्हणाले, ‘तू जा. गाडीपाशी कोणीतरी हवं.’ गाडीपाशी! जशी काही गाय व्यायला आलीय.

मला कारण कळलं. तिथे धनू येणार. तिच्यासमोर उभं राहायचं नाही यांना. तुला तो प्रसंग नीट ठाऊक नाही, म्हणून सांगते. ती बँकेची नोकरी सोडून ही खुणांची भाषा शिकायला निघाली, त्या वेळचा. आमच्याच बैठकीत, ईदच्या दुसऱ्या दिवशी. अर्शी शीरखुर्म्याचा डबा घेऊन आलेली, समोर खुर्चीवर बसलेली. धनूने तेव्हाच सांगितलं. आणि हे म्हणाले, ‘बँक सोडून मुक्यांसारखे हातवारे करणार? चारचौघांत? लोक माकडचाळे म्हणतील.’ निदान एवढी जाण ठेवली की अर्शी समोर आहे म्हणून आवाज अगदी खाली घेतला. धनूने उठून बॅग भरली. हट्टी बापाची हट्टी मुलगी. मी दोघांच्या मधे, भिंतीतल्या खिळ्यासारखी.

पण आता माझी खरी काळजी वेगळीच आहे. यांचे हात, चांद. पंधरवड्यापासून बघते आहे. गाडी उभी असली आणि आपल्याला कोणी बघत नाही असं वाटलं की यांचे हात आपोआप हलतात. मांडीवर, स्टेअरिंगवर. कधी बोटं थरथरत वरून खाली येतात. कधी दोन्ही मुठी एकमेकींवर आपटतात, हलकेच. मी जवळ गेले की लगेच हात खिशात. माझ्या सासऱ्यांना कंपवात होता, सुरुवात अशीच बोटांपासून झाली होती. टीव्हीचंही विचित्र. बातम्या लावतात आणि आवाज बंद ठेवतात. ‘बॅटरी वाचते,’ म्हणतात. वीज खात्यातला माणूस हे मला सांगतो! कान गेले की काय याही माणसाचे, अशी शंका येते.

नगरमध्ये मेंदूचा चांगला डॉक्टर कोण आहे, नूरभाईंना विचार. यांना कळू देऊ नका. मला झोप लागत नाही. एका जागी दोन दिवस धड राहत नाही आम्ही. पारनेर, सुपा, पुन्हा पारनेर. नकाशा काढून बघितला तर नगरभोवती नुसत्या घिरट्या चालल्यात. आत मात्र जात नाहीत.

तुझी,
सत्या


केडगाव
२० जानेवारी

सत्या,

हे पत्र मी दोनदा फाडून तिसऱ्यांदा लिहिते आहे.

तुझं पत्र मी आणि अर्शीने शेजारी बसून वाचलं. ईदच्या दुसऱ्या दिवसाचा भाग आला आणि तिने माझ्या हातातून मोबाईल काढून घेतला. मग मला सांगितलं. सहा वर्षं तिने हे मला सांगितलं नव्हतं.

आवाज खाली घेतला म्हणतेस. अग, त्या मुलीसमोर आवाज खाली घेतला काय आणि ढोल बडवला काय? ती ओठ वाचते. लहानपणापासून वैजनाथभाऊंचे ओठ तिला सगळ्यांत सोपे जायचे, कारण ते खांबाखालून ओरडायच्या सवयीने तोंड मोठं उघडून बोलतात. आवाज खाली घेताना त्यांनी शब्द अधिकच सावकाश उच्चारले. तिला एकेक अक्षर मिळालं.

धनू घर सोडून गेली ती स्वतःसाठी नाही. तिने बाहेर पडताना बापाला म्हटलं होतं, ‘माझं जाऊ द्या. अर्शीची माफी मागा, मग माझ्याशी बोला.’ हे तिने अर्शीला नंतर सांगितलं. तू तेव्हा आत होतीस, बहुतेक चहा टाकत.

म्हणजे जिना का चढत नाहीत, ते आता मला कळलं. मला राग आला, खोटं कशाला बोलू? चांगला दिवसभर टिकला. माझ्या लेकीच्या हातांना माकडचाळे म्हणाले. त्याच हातांनी आता माझं घर चालतं. माझे कान गेले तेव्हा तिनेच मला शिकवलं ना बोलायला? पण संध्याकाळी अर्शी शिलाई मशीनवरून उठली आणि मला म्हणाली, ‘अम्मी, रागावलेली राहू नकोस. मी रागावले नव्हते. मी वाट बघत होते.’

डॉक्टरचं नाव नूर काढून ठेवतात. पण अर्शीने तुझ्या पत्रातला हातांचा भाग पुन्हा पुन्हा वाचला आणि मला विचारायला सांगितलंय: मुठी आपटतात तेव्हा बोटांची पेरं पेरांना लागतात का? आणि कोणता हात आधी हलतो? का विचारतेस म्हटलं तर सांगत नाही. नुसती हसते. तू नीट बघून कळव. थरथरतात की हलतात, यात फरक आहे.

थांबणार कुठे ते अजून कळवलं नाहीस.

चांद


मिरजगाव
२९ जानेवारी

प्रिय चांद,

तुझं पत्र मिळून आठवडा झाला. उत्तर द्यायला हात उचलत नव्हता. मी त्या घरात होते, आधी त्याच खोलीत, मग शेजारी चहा टाकत, आणि मला कळलं नाही. यांना काही विचारायचीही सोय नव्हती. रोज सकाळी म्हणायचे, ‘चल, पुढे जाऊ.’ रेहेकुरीला काळवीट बघितले. तेही आमच्याकडे बघून पळाले, इतकी आमची गाडी अस्वस्थ दिसत असावी. मग इथे आलो. मिरजगावच्या अलीकडे, रंगुबाई म्हणून एका बाईंच्या ज्वारीच्या रानाच्या कडेला थांबलोय. जमीन तव्यासारखी सपाट आहे. आग्नेयेला क्षितिजापर्यंत आडवं काही नाही, मला लपायला एक बाभूळसुद्धा नाही.

काल मंगळवार. साडेसहाला डिश एका झटक्यात लागली. चित्र आरशासारखं. मी नेहमीप्रमाणे ओट्याकडे तोंड केलं. तेवढ्यात हे उठून टपावर गेले. वरून नटाचा आवाज. ‘आता?’ मी म्हटलं, ‘काय आता? दिसतंय की!’ पुन्हा खटखट. ‘आता आली का?’ चित्र गेलं, आलं, पुन्हा गेलं. रंगुबाई हुरड्याची कणसं घेऊन आल्या होत्या, त्या दारात उभ्या. मला म्हणाल्या, ‘आवो ताई, लई झ्याक दिसतंय की सगळं. मग बाबा सारकं वर कशाला चढत्यात?’

मी बाहेर येऊन ओरडले, ‘खाली उतरा, पडाल! सगळं स्वच्छ दिसतंय!’

आणि हे वरून, चांद, रडवेल्या आवाजात म्हणाले, ‘कुठे दिसतंय? कोपरा येत नाहीये!’

मी आत धावले. पहिल्यांदा समोर उभी राहून बघितलं. कोपऱ्यात चौकट होती, पण तिच्यात धनू नव्हती. दुसरीच कोणीतरी मुलगी होती. आणि माझ्या यांना, ज्यांनी आयुष्यभर तारा जोडल्या त्यांना, वाटत होतं की डिश फिरवली की त्या चौकटीत आपली मुलगी येईल.

उतरवून आणलं. पाणी दिलं. मग बसून सगळं सांगितलं मला. पहिल्यापासून माहीत होतं यांना. डिश घेतलीच त्यासाठी. घरी मी फिरायला पाठवायचे तेव्हा हे कोपऱ्यावरच्या पानवाल्याच्या टीव्हीवर बघत उभे राहायचे. मी यांच्यापासून लपवत होते आणि हे माझ्यापासून. आणि मी रोज जांभळाखाली गाडी लावत होते!

‘तिला बघायचं होतं तर तसं म्हणायचं,’ मी म्हटलं.

तर म्हणाले, ‘बघायचं होतंच. पण शिकायचंही होतं.’

कंपवात नव्हे ग. बोटं वरून खाली येतात तो पाऊस. मुठी आपटतात तो अपघात. अर्शीला सांग, हो, पेरं पेरांना लागतात, आणि डावा हात आधी हलतो. वर्षभर तिच्या हातांवरून हे एकेक शब्द उचलतायत. मी मात्र वर्षभर तिचा चेहराच बघितला. जेवली असेल का, वाळली का, हेच. हात मी कधी बघितलेच नाहीत.

म्हणाले, ‘त्या दिवशी अर्शीने डबा खाली ठेवला तेव्हाच कळलं मला. तिने वाचलं होतं. ज्या भाषेला नावं ठेवली त्याच भाषेत सांगितलं पाहिजे तिला. पण बातम्यांत तो शब्दच येत नाही. वर्ष झालं वाट बघतोय, माफी कोणी मागतच नाही बातम्यांत.’

मी म्हटलं, मग रविवारी चला. तर पुन्हा तेच. ‘अर्ध्या शब्दांवर कसा जाऊ?’ आणि धनू दिसली नाही म्हणून जीव थाऱ्यावर नाही. आजारी आहे का? फोन लाव म्हणतात, लावला की नको म्हणतात. आज सकाळी गाडी नगरच्या दिशेला काढली, दोन किलोमीटरवर वळवून परत इथेच आणली. आता सोलापूरकडे जाऊ म्हणतायत. मला नाही माहीत उद्या कुठे असू.

सत्या


केडगाव
३० जानेवारी, सकाळी

सत्या,

गाडी हलवू देऊ नकोस. चावी तुझ्या ब्लाउजमध्ये ठेव.

धनू ठणठणीत आहे. मंगळवारपासून रजेवर आहे, आमच्याकडेच. निकाहच्या वेळी वकील आणि साक्षीदार आत येऊन मुलीला विचारतात, कबूल आहे का. अर्शीला ते कोण सांगणार? मला तर ते काय विचारतात तेच ऐकू येणार नाही. ते धनू सांगणार. मी तुला आधी कळवलं नाही कारण तिने शपथ घातली होती. नूरनाही डिशचं कारण पहिल्या दिवसापासून माहीत होतं, त्यांना भाऊंनी शपथ घातली होती. या घरात सगळ्यांना सगळं माहीत होतं, फक्त आपल्या दोघींना सोडून.

रात्री तुझं पत्र अर्शीला आणि धनूला वाचायला दिलं. ‘डावा हात’ वाचून अर्शी इतकी हसली की तिला उचकी लागली. धनू उठून गच्चीवर गेली.

हळद उद्या आहे, म्हणजे आज नवरी घराबाहेर पडू शकते. नूर मुलींना घेऊन पत्रिका द्यायला येतायत. मी घर पाहुण्यांनी भरलंय म्हणून थांबते. पत्ता नको. नूर म्हणतात, मिरजगावच्या शिवारात टपावर माझी डिश असलेलं एकच घर असणार. फिरतं असलं तरी घराला दार आहे ना? बस.

चांद


मिरजगाव
३१ जानेवारी

प्रिय चांद,

अर्शी तुला हातांनी सांगेलच. तरी माझ्या शब्दांतही घे, कारण काही गोष्टी तिच्या पाठीमागे घडल्या.

काल दुपारी नूरभाईंची गाडी उसाच्या बैलगाड्यांच्या रांगेमागून हळूहळू येताना दिसली. हे चटकन टपावर चढले आणि एक पान्हा घेऊन उगाच नट आवळायला लागले. नूरभाईंनी उतरल्यावर आधी डिशकडे बघितलं, मग आमच्याकडे. ‘भाऊ, खाली या. का पत्रिका वर टाकू, कावळ्याच्या घासासारखी?’

‘नट ढिला झालाय, नूर.’

‘नट नाही ढिला झालेला. मी आवळलाय तो.’

अर्शी पायरी चढून आली. दार सताड उघडं होतं, तरी तिने त्याच्यावर टकटक केलं. ऐकू न येणाऱ्या मुलीने, रीत म्हणून. मग हे उतरले. शर्टाला हात पुसले. तिने पत्रिका आणि खडीसाखर पुढे केली, आणि दोन बोटं खिशाला लावून टेस्टर बाहेर काढला.

हे उभेच. पत्रिका काखेत धरली. मला वाटलं, आता तोंडाने काहीतरी बोलून मोकळे होतील. पण नाही. स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. मी. मग दोन्ही मुठी एकमेकींवर आपटल्या. अपघात. मग एका तळहातावर दुसरा हात ठेवून तिच्याकडे सरकवला. ते मला कळलं नाही. नूरभाई माझ्या कानाशी पुटपुटले, ‘नुकसानभरपाई.’

काय करणार ग? बातम्यांत जेवढे शब्द मिळाले तेवढेच होते त्या माणसाकडे.

अर्शीने वळून गाडीकडे बघितलं. मागच्या सीटवर धनू होती. उतरली नव्हती. काच खाली करून तिने हाताची घडी घातली आणि अर्शीकडे बघून नुसत्या तोंडाने म्हणाली, ‘मी आज ड्युटीवर नाही. तुमचं तुम्ही बघा.’

अर्शी परत यांच्याकडे वळली. चेहरा अगदी गंभीर. डावा तळहात कागदासारखा धरला, त्याच्यावर उजव्या हाताने खरडलं आणि भुवया वर केल्या. यांनी ते ओळखलं. अवकाळीनंतर पंधरा दिवस रोज बघितलेला शब्द! ‘पंचनामा!’ हे ओरडले. ‘आधी पंचनामा करायला लागेल म्हणतेय!’ आणि इतके हसले, की मग चष्मा काढून पुसत बसले पायरीवर. बराच वेळ पुसला. अर्शी शेजारी बसली. तिने यांचे दोन्ही हात आपल्या हातात घेतले आणि तो शब्द शिकवला, जो बातम्यांत येत नाही. एकदा चुकले, पुन्हा करायला लावला. पुन्हा चुकले, पुन्हा. सिस्टर बर्नाडेटसुद्धा इतक्या कडक नव्हत्या. शेवटी बरोबर आला तेव्हा तिने मान हलवली, आणि खडीसाखरेचा खडा यांच्या तोंडात घातला.

गाडीचं दार वाजलं. धनू आली आणि यांच्यासमोर उभी राहिली. सहा वर्षांनंतरचं पहिलं वाक्य काय असावं?

‘बाबा, सगळं डाव्या हाताने करताय तुम्ही. उलटं.’

‘समोरून बघून शिकलो. टीव्हीत डावं-उजवं कुठे कळतं?’

‘मग शेजारी बसून शिकायचं ना,’ ती म्हणाली, आणि मला म्हणाली, ‘आई, चहा टाक.’ मी टाकला. साखर दोनदा घातली. सगळ्यांनी तसाच प्यायला.

रंगुबाईंनी शेकोटी पेटवून हुरडा भाजून दिला. त्यांना कोण कोणाचं ते कळेना. ‘ही तुमची का ती तुमची?’ विचारत होत्या. नूरभाई म्हणाले, ‘दोन्ही दोघांच्या.’ साडेसहा वाजले तसा सवयीने यांचा हात टीव्हीकडे गेला. कोपऱ्यात ती दुसरी मुलगी होती. हे दोन मिनिटं बघत राहिले, आणि म्हणाले, ‘हिचा पाऊस बरा नाही. आमचीचा कसा, खरा पडतो.’ धनू खिडकीतून ज्वारीकडे बघत होती. तिचे कान लाल झालेले मला मागून दिसले.

मुली रात्रीच परतल्या, आणि आज सकाळी यांनी चाकांखालचे दगड काढले. हळदीपर्यंत पोहोचतोच. गाडी तुमच्याच गल्लीत लावायची म्हणतात. नूरभाईंनी जाताना बजावलं होतं, ‘भाऊ, आमच्या गल्लीत आग्नेयेला तीन मजली बिल्डिंग झालीय. डिश अजिबात लागणार नाही तिथे.’

हे म्हणाले, ‘राहू दे की.’

जिन्यावरचा दिवा लावून ठेव.

तुझी,
सत्या